नीला कातारणीची काकणं

लोकांची भांडणं ऐकायला मी कधी भिंतीला कान लावला नाही. आमच्या मानपाड्याच्या चाळीत त्याची गरजच पडत नव्हती. मधली भिंत एका विटेची, वरती पत्रा, आणि पलीकडे धाकूबाईंचा आवाज. त्यांनी त्यांच्या घरात मीठ मागितलं की मी माझ्या घरात बरणी शोधायला लागायचे.

त्या दुपारी मी तांदूळ निवडत होते. पलीकडून ऐकू आलं.

"ती काकणं आधी हातात घाल."

"आत्याबाई, काकणं घालून मशीनवर उभी राहिले तर काकणांबरोबर हातपण जाईल."

"मग नको राहू उभी. बोलवायला कोण आलंय? बाईनं लाकडं कातल्याचं मी तरी ऐकलं नाही."

"ऐकलं नाही ना, मग आता बघा."

"नवरा समोर जिता बसलाय आणि तू भुंड्या हातानं फिरतेस! लोक विचारतील, देवरामला काय झालं म्हणून."

"काय झालं ते लोकांना ठाऊक आहे. त्यांचा उजवा हात गेलाय. आता माझा जायला नको, एवढंच म्हणते मी."

मग पातेलं आपटल्याचा आवाज आला. कोणी आपटलं ते कळलं नाही. पण पातेलं धाकूबाईंचं असणार, कारण लगेच त्याच ओरडल्या, "पोचा पडला की गं त्याला!"

ही नीला म्हणजे धाकूबाईंची थोरली सून. तिचीच गोष्ट सांगतेय. आता ती नाही, म्हणून सांगता येते. असती तर म्हणाली असती, "माई, त्यात काय सांगायचं? लाकूड चौकोनी होतं, ते गोल झालं."

नवरा देवराम कातारी होता. लेथवर लाकडाचा तुकडा दोन टोकांत आडवा धरतात, मोटर त्याला गरागरा फिरवते आणि माणूस त्याला पटाशी लावून गोल आकार देतो. त्याला म्हणायचं कातणं, आणि ते करणारा तो कातारी. देवराम आधी एमआयडीसीत फर्निचरच्या कारखान्यात होता. मग चाळीच्या टोकाला पत्र्याची शेड मारून त्यानं स्वतःचा जुना लेथ आणला. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, सगळं करायचा. एका सकाळी दात घासता घासता खाली बसला, आणि उठवला तेव्हा अर्धाच उठला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि जीभ जड झाली. पन्नाशीही गाठली नव्हती.

धाकटा भाऊ भगवान टेम्पो चालवायचा. मनानं वाईट नव्हता, घाईचा होता. दवाखान्यातून दादाला घरी आणलं त्याच आठवड्यात तो म्हणाला, "वहिनी, मशीन गंजून जाईल. गिऱ्हाईक आहे तोवर काढून टाकू."

नीला काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की भगवानला वाटायचं पटलं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी देवरामला ही चूक करायची हिंमत झाली नव्हती.

तेवढ्यात दिवाळीच्या सुमाराला ठाण्याहून लिनो आला. खाडीकडच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला माणूस, भाजीचा मळा होता त्यांचा पूर्वी. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस आहे, दगडी, आणि त्याच्याभोवती लाकडी कठडा. कठड्याला कातीव खांब, गळ्याशी बारीक आणि पोटाशी दुधीसारखे. एक खांब रिक्षानं धडकून मोडला होता. मे महिन्यात क्रुसाचा सण असतो, सगळी वस्ती तिथे प्रार्थनेला जमते, त्याआधी नवा खांब बसवायचा होता. देवरामनं हो म्हटलेलं. लिनोनं नमुन्यासाठी एक धड खांब आणून दिलेला, आणि सागाचा एक ओंडका. त्याच्या आज्याचं घर पाडलं तेव्हाच्या तुळईचा होता तो. त्यातून दोन खांब निघाले असते, तिसरा नाही.

देवरामचं कळल्यावर बिचारा सफरचंदं घेऊन आला, आणि जाताना चाचरत म्हणाला, "तो ओंडका घेऊन जाऊ का मी? दुसरीकडं बघतो कुठंतरी."

"राहू द्या," नीला म्हणाली.

"अगं पण कातणार कोण?"

"मी."

लिनोनं देवरामकडे बघितलं. देवरामचं अर्धं तोंड हसत होतं. दुसरं अर्धं हसू शकत नव्हतं, पण तेही तयार असावं.

भगवान दारातच उभा होता. म्हणाला, "वहिनी, लाटणंबिटणं असतं तर गोष्ट वेगळी. हे जुन्या खांबांच्या रांगेत उभं राहायचंय. एक बिघडला तर सगळी वस्ती बघणार."

"बघू दे की."

"बरं. सणापर्यंत मी मशीनला हात लावत नाही. लिनोभाऊंना खांब पसंत पडला तर मशीन तुझं, मी परत विषय काढणार नाही. नाही पडला तर टेम्पो लावतो. मग रडायचं नाही."

"तुम्हीपण नाही, भावजी," नीला म्हणाली.

अशी ती गोष्ट ठरली. काकणांचं भांडण झालं ते त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी देवरामला खुर्चीसकट शेडमध्ये नेऊन बसवलं. डाव्या हातात काठी. बोलणं तुटक, त्यामुळे काठीनं जमिनीवर ठोकलं की थांब, असं ठरवून घेतलं. मी कोथिंबीर निवडायला तिथेच बसायचे. कोथिंबीर घरीसुद्धा निवडता येते, पण तिथे मजा होती.

हत्यारांची पत्र्याची पेटी उघडली. पेटीभर पटाश्या. देवराम म्हणाला, "नि...वड."

नीलानं सगळ्यात चकचकीत होती ती उचलली. काठी ठोकली गेली. त्यानं खुणेनं सांगितलं, हातोडी घे, पटाशी दगडावर ठेव, मार. तिनं जपून मारलं तर पटाशीचे कचकन दोन तुकडे.

"अगंबाई!"

"का...नस," देवराम म्हणाला. "जुनी. काच असते."

जुन्या कानशीची पटाशी बनवतात काहीजण. लोखंड कडक असतं, धार छान लागते, पण फिरत्या लाकडात अडकली तर काचेसारखी फुटते आणि तुकडा डोळ्याकडे येतो. नीला म्हणाली, "मग ठेवली कशाला होती पेटीत?"

"फु...कट मिळाली."

आम्ही तिघंही हसलो. धाकूबाई दारावरून जाता जाता म्हणाल्या, "हसा, हसा. हत्यारं मोडून धंदा करा."

पेटीतून शेवटी त्यानं पाच काढून दिल्या, बाकीची पेटी बंद. पाचांना नीलानं स्वतःची नावं ठेवली. चौकोनी तुकड्याचे कोपरे उडवायला मोठी गोल पटाशी, ती पन्हळ. खोलगट वळणाला लहान गोल, ती चमचा. खाच पाडायला अरुंद उभी, ती चोच. खरवडून सपाट करायचं ते उलथणं. आणि तिरक्या धारेची पटाशी, जी लाकूड आरशासारखं करते पण क्षणभर लक्ष हटलं की टोकानं चावते आणि केलेल्या कामाचा सत्यानाश करते, तिचं नाव तिनं ठेवलं सासू.

धाकूबाईंच्या कानावर ते गेलंच. त्यांना वाटलं, धारेमुळे ठेवलं. त्या खूश होत्या.

पहिल्यांदा काही केलं असेल तर मुठी. देवरामचा पंजा मोठा, त्याच्या मुठी नीलाच्या हातात मावत नव्हत्या, मुसळ धरल्यासारखं व्हायचं. त्यानं सांगितलं, आधी हत्यार आपल्या हाताचं कर. वखारीतून बाभळीचे तुकडे आणले आणि तिनं पाचही मुठी नव्या कातल्या. बारीक, पण लांब. मुठीचं टोक कमरेला टेकायला पाहिजे. पटाशी मनगटानं चालवायची नाही, कमरेनं चालवायची. देवरामला ते सांगता येईना, तेव्हा नीलाच म्हणाली, "म्हणजे पाट्यावर वाटण वाटताना डुलतो तसं?" त्यानं मान हलवली. मग तिला जमायला लागलं.

बाकी शिकवणीही अशीच स्वयंपाकघरातून झाली. पटाशी ज्या लोखंडी पट्टीवर टेकवतात ती टेक लाकडाच्या किती जवळ हवी? मध्ये जाड भाकरी जेमतेम जाईल इतकी. मोटर सुरू करायच्या आधी लाकूड हातानं एकदा पूर्ण फिरवून बघायचं, कुठं अडत नाही ना. मग पटाशीची पाठ आधी लाकडावर ठेवायची. नुसती पाठ. मूठ हळूहळू उचलायची, की धार आपोआप लाकडाला लागते. पाठ न टेकवता धार घातली की चावलीच. आणि समोर काय पडतंय ते बघायचं. लांब साल निघाली तर धार आहे, पिठासारखा भुसा उडाला तर धार गेली, थांब आणि सहाणेवर जा. ग्राइंडरवर लावलीस तर पाण्यात बुडवत राहा, पोलाद निळं पडलं की मेलं.

पट्टा मात्र त्यानं भगवानकडून ढिला करून घेतला होता. मोटरीपासून मशीनला जो पट्टा जातो, तो. भगवान म्हणाला, "दादा, असा ढिला ठेवला तर जोर कसा येणार?" देवराम म्हणाला, "शि...कणारीला." तेवढंच.

ती साडीवर देवरामचा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट चढवायची, पदर आत, मंगळसूत्र आत, अंबाडा घट्ट. आणि काकणं शेडच्या दारातल्या खिळ्याला. घरी जाताना परत हातात. धाकूबाईंना हे माहीत होतं. तरी चाळीतली एखादी बाई शेडमध्ये डोकावून, "नीले, हात गं का असे?" म्हणाली की त्यांचं डोकं फिरायचं. आम्ही बौद्ध माणसं, या गोष्टी सोडल्या म्हणतो आम्ही. पण सोडलेल्या गोष्टी म्हाताऱ्या बायका टाकून देत नाहीत, बटव्यात ठेवतात.

संक्रांतीनंतर धाकूबाईंनीच तोड काढली. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि म्हणाल्या, "काकणं घाल, वरून ही घट्ट गुंडाळ. वाजणार नाहीत, हलणार नाहीत. तुझंही राहील, माझंही."

नीलाही रोजच्या कटकटीला कंटाळली होती. तिनं गुंडाळली. देवराम दुपारचा झोपला होता, नाहीतर काठी ठोकून ठोकून मोडली असती त्यानं.

मी घरात होते. मशीन एकदम घरघरलं आणि थांबलं, आणि मग काचेचा आवाज आला. धावत गेले. पट्टीचं टोक सुटून फिरत्या लाकडाला लागलं होतं. लाकडानं ती गुंडाळून घेतली आणि डावा हात आत ओढला. काकणांपेक्षा ते फडकंच जास्त वाईट निघालं. पण पट्टा ढिला होता. अडल्याबरोबर तो घसरून पडला आणि लाकूड जागच्या जागी थांबलं. मनगटात काचा घुसल्या, रक्त बरंच गेलं, टाके पडले. पण हात होता. पाचही बोटं हलत होती.

दवाखान्यातून आल्यावर नीला कॉटवर निजली. धाकूबाई शेडमध्ये गेल्या आणि खाली बसून लाकडाच्या सालींतून हिरव्या काचा वेचायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या, मी झाडते."

"नको. माझ्या हातानं गेल्यात, माझ्याच हातानं उचलते."

संध्याकाळी भगवान आला. हात बघून पांढरा पडला. "झालं ना? आता तरी ऐक, वहिनी. उद्याच टेम्पो आणतो."

"सण मे महिन्यात आहे, भावजी," नीला पडल्या पडल्या म्हणाली.

"अगं हात बघ तुझा!"

मग धाकूबाई बोलल्या. त्यांचा तो हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "भगवान, ती म्हणतेय ना, मे महिन्यात. जा, चहाला दूध घेऊन ये."

टाके सुकेपर्यंत नीलानं नुसती नमुन्याच्या खांबाची ओळख करून घेतली. तो मांडीवर घेऊन बसायची. देवरामनं तिला एक लाकडी पट्टी घ्यायला लावली आणि खांबाशेजारी धरून प्रत्येक वळणाला पेन्सिलीची रेघ मारून घेतली. इथं गळा, इथं कडं, इथं पोटाची सुरुवात. जाडी किती ते वाकड्या पायांच्या कंपासनं बघायचं. पुढं फिरत्या लाकडापाशी ती पट्टी धरली की रेघा आपोआप उतरतात, डोकं चालवावं लागत नाही. नीला म्हणायची, "डोकं चालवावं लागत नाही हे बरंय, हात चालवायलाच जीव जातो."

होळीच्या आधी एके दिवशी धाकूबाई नवी साडी नेसून माझ्या दारात. "चल गं. आपल्याला तिघींना स्टेशनजवळ जायचंय."

"कशाला?"

"काकणं भरायला."

मला वाटलं, परत तेच. नीलाचंही तोंड उतरलं. पण त्या कासाराच्या दुकानावरून सरळ पुढे गेल्या. एका काचेच्या दुकानापुढं थांबल्या. आत जांभळ्या केसांची एक पोरगी सुई घेऊन बसलेली. जोॲन तिचं नाव, तिनंच सांगितलं. टॅटूचं दुकान होतं ते.

"बोला आजी, कुणाला काढायचाय?"

"हिला. काकणं काढ. दोन्ही हातांत. हिरवी."

"ओके, ब्रेसलेट डिझाइन?"

"ब्रेसलेट तुझ्या आयशीला. काकणं म्हणतेय मी." धाकूबाईंनी बाही वर केली. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात लहानपणी गोंदलेले, ठिपके ठिपके, हिरवे पडलेले. "आमच्या जत्रेत गोंदायला यायच्या बाया. तीन सुयांनी. तुझ्यासारखी पंख्याखाली नव्हत्या बसत."

पोरगी बघतच राहिली. "वाव, आजी! हे किती जुनं आहे?"

"मी आहे तेवढंच."

नीला मात्र तिथेच उभी. म्हणाली, "आत्याबाई, हे पुसायचं नाही कधी."

"म्हणूनच. फुटणार नाही, निघणार नाही, अडकणार नाही. आणि एवढंच बाईबरोबर वर जातं. सोनं काय, लोक काढून घेतात." मग म्हणाल्या, "माझी हौसही राहील आणि तुझा हातही राहील. बस आता, नखरे नको."

जोॲननं डावं मनगट बघितलं. म्हणाली, "जखमेवर सुई नाही लावत मी. तिच्या वर काढते, चालेल?" त्यामुळे डाव्या हातातली काकणं उजव्यापेक्षा बोटभर वर चढली. नीलानं माझा हात इतका दाबला की गोंदणं माझंच चाललंय असं वाटलं. धाकूबाई समोर बसून सांगत होत्या, "जरा जाड कर. इकडं ठिपका दे. काटकसर करू नको रंगाची."

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता बघू कोण म्हणतं भुंडे हात."

एप्रिलात नीलानं लिनोच्या ओंडक्यातला पहिला तुकडा मशीनला लावला. आधी आंब्याच्या लाकडावर इतके खांब कातले होते की चाळीत प्रत्येक घरात एकेक होता. माझ्याकडच्याला मी छत्री अडकवते. सागाचा तुकडा मात्र छान उतरत गेला. पन्हळीनं गोल झाला, चोचीनं खाचा पडल्या, पोट उतरलं. राहिला नुसता गळा. सासू हातात होती. देवरामची काठी जमिनीवर पडली, मुद्दाम नाही, हातातून निसटली. नीलाला वाटलं, थांब म्हणतोय. तिची नजर तिकडे गेली, आणि सासू चावली. गळ्यापासून पोटापर्यंत सरसरत खोल जखम.

देवरामच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकाच डोळ्यातून नव्हे, दोन्हींतून.

"रडू नका," नीला म्हणाली. "मी नाही रडायचं असं ठरलंय, तुम्हीपण नाही." तिनं मोटर बंद केली, बिघडलेला खांब काढून कोपऱ्यात उभा केला. मग पाचही पटाश्या घेऊन सहाणेपाशी बसली आणि एकेकीला धार लावली. त्या दिवशी तिनं दुसऱ्या तुकड्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा आंब्याचे गळे कातत बसली, नुसते गळे. चार बोटं लांबीचे. ते सगळे चुलीत गेले, धाकूबाईंनी त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं.

तिसऱ्या दिवशी तिनं देवरामची काठी काढून घेतली. "आज हे नको. आज तुम्ही नुसतं बसा." आणि शेवटचा तुकडा लावला. हातानं एकदा फिरवला. टेक जवळ आणली. मी कोथिंबीर खाली ठेवली. गळ्याशी आली तेव्हा तिनं सासूची पाठ टेकवली आणि मूठ इतकी हळू उचलली की मला वाटलं, काही होतच नाहीये. मग लाकडातून एक पातळ, लांब, कांद्याच्या सालीसारखी पापुद्र्यागत साल निघाली आणि तिच्या हिरव्या काकणांवरून घसरून खाली पडली. आवाजही बदलला. घासल्याचा नव्हता, शीळ घातल्यासारखा होता. देवरामनं डोळे मिटून तो ऐकला.

खांब पोचवायला आम्ही सगळेच भगवानच्या टेम्पोतून ठाण्याला गेलो. मशीन न्यायला येणार होता तोच टेम्पो. लिनो आणि त्याची बायको क्लेमेंटिना क्रुसापाशी वाट बघत होते. लिनोनं खांब जागेवर बसवला, मागे सरकून बघितला, पुढे येऊन बघितला.

नीला म्हणाली, "खालचं कडं जरासं जाड राहिलंय. आधीच सांगते."

भगवाननं कपाळावर हात मारला. "वहिनी, तुला कोणी विचारलं का!"

क्लेमेंटिना खाली वाकली आणि एकेका खांबाच्या खालच्या कड्यावरून बोट फिरवत गेली. रांगेच्या शेवटापर्यंत. मग हसायला लागली. "अगं, यातली दोन तरी कडी सारखी आहेत का? त्या जुन्या कातार्‍यानंसुद्धा डोळ्यानंच केलेलं दिसतंय. मी इतकी वर्षं हार घालतेय, आज कळलं."

लिनो म्हणाला, "रांगेत उभा राहिला ना? मग आमचा झाला."

घरी आल्यावर भगवान सरळ शेडमध्ये गेला आणि मशीनभोवती एक फेरी मारली. देवराम मागून म्हणाला, "प...ट्टा."

"काय दादा?"

"ताण."

भगवाननं पाना काढला आणि पट्टा ताणून घट्ट केला. नीला दारात उभी राहून बघत होती. पदरानं तोंड पुसलं तिनं. घाम असेल.

त्यानंतर तो लेथ कधी थांबला नाही. पाळण्याचे खांब, लाटणी, सुतारांच्या पटाश्यांना मुठी, सगळं त्याच पाच हत्यारांवर. लोक नवी हत्यारं दाखवायला आणायचे, नीला ती हातात घेऊन बघायची आणि परत द्यायची. "माझ्या पाचजणी आहेत."

देवराम आणखी काही वर्षं खुर्चीत बसून राहिला आणि मग गेला. गावाकडून बायका आल्या. त्यातली एक नीलाचा हात हातात घेऊन काकणं शोधायला लागली. धाकूबाई मुलाच्या उशाशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "फोडायची आहेत? फोड. बघू तुझ्याच्यानं फुटतात का." ती बाई हात सोडून मागे सरकली. मग धाकूबाई रडल्या. त्याआधी रडल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्याही गेल्या, गोंदलेले हात पोटावर ठेवून.

नीलाचा एक नेम होता. दरवर्षी क्रुसाच्या सणाआधी ती ठाण्याला जायची आणि त्या कठड्याला तेल द्यायची. कोणी सांगितलं नव्हतं. म्हणायची, एकाला लावायचं आणि बाकीच्यांना नाही, असं कसं? गेल्या एप्रिलात, ती आम्हाला सोडून गेली त्याच्या आठवडाभर आधी, तिला चालताना दम लागत होता. मी म्हटलं, यंदा भगवानला पाठव. म्हणाली, "भावजी तेल सांडतात."

निघाली. अळशीच्या तेलाची बाटली, जुन्या साडीचं फडकं, पाण्याची बाटली. ठाण्यात खोपटच्या थांब्यावर बसमधून उतरली, टेंभी नाक्यावर चहा घेतला आणि चालत गेली. क्लेमेंटिनानं नंतर मला सांगितलं, नेहमीसारखीच आली, नेहमीसारखीच पहिल्या खांबापासून सुरुवात केली. प्रत्येकाला वरून खाली फडकं, गळ्याशी जरा थांबून. स्वतःच्या खांबापाशी जास्त थांबली नाही. खालच्या कड्यावरून नुसतं बोट फिरवलं आणि पुढे गेली. शेवटी उरलेलं तेल तिनं गेटच्या बिजागरीत घातलं, ती करकरत होती म्हणून.

संध्याकाळी परत आली तेव्हा हातात क्लेमेंटिनानं दिलेला फुग्यांचा डबा. त्यांच्यात करतात ते तळलेले मऊ गोळे, मला आवडतात. म्हणाली, "माई, खा, पण डबा धुऊन दे. रिकामा नाही पाठवायचा, काहीतरी घालू त्यात." मग शेडमध्ये गेली. तेलाचं फडकं उघड्यावर वाळत टाकलं. पाच पटाश्या एकेक करून पुसल्या. सासूला सहाणेवर दोन हात मारले, अंगठ्याच्या नखावर धार बघितली आणि तिला तिच्या खिळ्याला लावलं, धार भिंतीकडे करून.